न विझणारा पाहुणा

"माणसं बघायला आपल्यालाच येतात, मग उजेड बरोबर का आणतात?" धाकट्या काजव्याने हे झाडावर प्रत्येकाला विचारलं.

पूर्वेच्या समुद्रापलीकडे एका गरीब देशात नदीकाठी खारफुटीचं झाड होतं. तिथल्या काजव्यांची रीत अशी, की सगळ्यांनी एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. पूर्वी एखादी होडी येई आणि माणसं अंधारात गप्प बसून बघत. मग बोभाटा झाला, देशोदेशीचे पाहुणे येऊ लागले, होड्यांची रांग लागली आणि प्रत्येक होडीवर भलामोठा दिवा आला.

थोरला भाऊ हरखला. "केवढा काजवा आलाय बघ! पाहुण्याला एकट्याला पेटू द्यायचं का?" असं म्हणत तो दिव्यासमोर बसून पेटला. दिवा विझेना, म्हणून तोही विझेना.

"दादा, पुरे! विझ की आता!"

"पाहुण्याच्या आधी? काय म्हणेल तो?"

"तो बोलतच नाही रे!"

"लाजत असेल. नवा आहे."

असा पेटता पेटताच थोरला पानावर कोसळला. धाकटा चिडून दिव्याच्या काचेवर जाऊन आदळला. होडीतल्या एका बाईने हसून, अगदी मायेने, त्याला हात केला. आता रागवावं तरी कुणावर?

तो परत आला. दादात जीव नव्हता, पण पोटातला उजेड अजून मिणमिणत होता. दिवा समोर तसाच जळत होता.

"झोप दादा, पाहुणे गेले," धाकटा म्हणाला आणि पंख पसरून त्याने तो उजेड झाकला.