बारा मजले, दोनशे चाळीस ओटे

"यात कमी काय आहे, चाचा?"

अनुजाने तिसऱ्यांदा विचारलं. हुसेन मिस्त्री नकाशावर वाकले होते. मान वर करेनात.

अनुजा वाघधरे पुण्यातली नावाजलेली आर्किटेक्ट. पण भिंत कशी उभी राहते, हे तिला शिकवलं ते या मिस्त्रींनी. म्हणून बिल्डरच्या हाती देण्याआधी पेन्सिलने काढलेला नकाशा घेऊन ती त्यांच्या अंगणात आली होती. बारा मजल्यांचं को-लिव्हिंग. नोकरीसाठी एकेकटी शहरात आलेली दोनशे चाळीस पोरं एका छपराखाली राहणार.

"प्रत्येकाला आपली खोली, खोलीतच ओटा. कुणाचा कुणाला त्रास नाही," ती म्हणाली. "आणि उशाशी बटण. दाबलं की खाली वॉचमनला कळेल."

"बटण कशाला?"

अनुजा त्यांच्यासमोर खाली बसली.

"मी आधी केलेल्या इमारतीत एक मुलगा तीन दिवस तापाने फणफणत पडून होता. भिंतीपलीकडे शेजारी होते, पण कुणाला पत्ता नाही. नशिबाने वाचला. पुन्हा तसं मी होऊ देणार नाही."

"त्याचं कुणाशी भांडण होतं?"

"छे. त्याला कुणी ओळखतच नव्हतं."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, उलटी धरली आणि मागच्या रबराने एका खोलीतला ओटा पुसला. मग शेजारच्या खोलीतला. मग पेन्सिल तिच्यापुढे ठेवली.

"मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून एकच ओटा? भांडतील, चाचा. दूध कुणी संपवलं, भांडी कुणी घासायची..."

मिस्त्रींनी नकाशावरचा रबराचा चुरा फुंकला.

"आणि बिल्डर तर..."

वाक्य तिने अर्ध्यावरच सोडलं. दवाखान्यात पाहिलेले त्या मुलाचे सुकलेले ओठ तिला आठवले.

तिने ओढणी कमरेला खोचली, पेन्सिल उचलली. एकेका मजल्यावरचे ओटे पुसत गेली. प्रत्येक मजल्यावर मधोमध एकच लांबलचक स्वयंपाकघर काढलं. उन्हं कलली. बिल्डरचा फोन आला.

"नकाशा बदलतेय," ती शांतपणे म्हणाली. "नाही पटला, तर दुसरा आर्किटेक्ट बघा."

फोन तिने पालथा ठेवला.

"चाचा, ओट्यापुढे जागा किती सोडू?"

मिस्त्री पहिल्यांदाच हसले.

"येताजाता एकमेकांचा धक्का लागेल, एवढीच."