खिडकीवरचा संशय

देवखडी संस्थानचे दिवाण भास्करराव यांना स्वतःच्या सावलीचाही संशय येई. राणीसाहेबांना इंग्रजी शिकवायला अंबूताई कर्णिक आल्या, तशी त्यांची झोपच उडाली. पंधरवडा उलटायच्या आत त्यांनी भर दरबारात तक्रार मांडली.

"सरकार, शिकवणीच्या नावाखाली ही बाई कारस्थान शिजवते आहे. काल 'विंडो' शब्द शिकवला. राणीसाहेबांनी वाक्यं केली, 'खिडकी उघडी आहे. मी खिडकीत वाट बघते.' कोणाची वाट? बाईंना आजच संस्थानाबाहेर काढा!"

महाराजांच्या कपाळावर आठ्या पडल्या. दरबारात बोलावलेल्या अंबूताई पुढे झाल्या. "वाक्यं सरावाची आहेत, सरकार. शब्द खटकत असेल तर दिवाणसाहेबांनीच दुसरा द्यावा."

ज्यातून कोणी येणार नाही की जाणार नाही, असा शब्द दिवाणांनी शोधला. "'वॉल' घ्या. भिंत! करा वाक्य. त्यात काही काळंबेरं निघालं तर तुमची धडगत नाही."

"करते की," अंबूताई म्हणाल्या. "काल खोलीत राणीसाहेब आणि मी, दोघीच होतो. दार आतून लावलेलं होतं. तेव्हा वाक्य असं, की राणीमहालाच्या 'वॉल'ला कान आहेत, आणि ते दिवाणसाहेबांचे आहेत."

महाराज सावकाश दिवाणांकडे वळले. "भास्करराव, आमच्या राणीमहालाला कान लावायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

शिकवणी पुढे वर्षानुवर्षं चालली. दिवाणांना मात्र राणीमहालाकडे फिरकायचीही बंदी झाली.