पुसलेली विहीर

माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

एकदा एक वृद्ध छायाचित्रकार होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा मी होतो. त्यांना सारे आबा म्हणत. एके दिवशी गावाबाहेरच्या वस्तीतील शेवंताबाई त्यांच्याकडे आल्या.

"आबा, आमची विहीर ठेकेदार आज बुजवतोय. वर गोदाम बांधायचंय त्याला. उद्या सरकारी साहेब पाहणीला येतील, त्यांना तो सांगणार, इथं विहीर नव्हतीच. आमच्या नुसत्या तोंडाला कोण विचारतं? फोटो काढा."

आम्ही लगेच गेलो. दोराने कठड्यावर पडलेल्या खाचा, आतले हलते पाणी, शेंदणाऱ्या बायका, सारे मी टिपले. तेवढ्यात मातीचे डंपर आले. डोळ्यांदेखत विहीर कठड्यासकट बुजली, जमीन सपाट झाली. मी तेही टिपले. मग ठेकेदाराच्या माणसांनी आम्हाला घेरले.

"फोटो पुसा. नाहीतर कॅमेराही इथंच गाडतो."

मी कॅमेरा छातीशी धरला. आबांनी तो माझ्या हातून घेतला, त्यांच्यासमोर बटणे दाबली आणि फोटो साठवायचे आतले कार्ड कोरे झाल्याचे पडद्यावर दाखवले. शेवंताबाईंनी मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ठेकेदार मात्र खूश झाला. त्या सपाट मातीवर पाट मांडला होता, नारळ आणला होता, पाहुणे जमले होते.

"शहाणे आहात बाबा! आता आमच्या भूमिपूजनाचा एक झकास फोटो काढा. पेपरात द्यायचाय."

"नाही काढणार," आबा म्हणाले.

"का? बोट दुखायला लागलं? मघाशी तर बरं चाललं होतं!" सारे हसले.

"बोट ठणठणीत आहे. पण तुमचा फोटो या कार्डावर येणार नाही."

एकाने आबांची कॉलर धरली. मी घाबरून म्हणालो, "आबा, एकच काढू आणि जाऊ." आबांनी कार्ड काढून चष्म्याच्या डबीत ठेवले आणि रिकामा कॅमेरा ठेकेदारापुढे धरला. "गाडायचा तर हा गाडा."

पाहुणे बघत होते. ठेकेदार ओशाळून म्हणाला, "सोडा रे म्हाताऱ्याला. मोबाईलवर काढा." कोऱ्या कार्डाचे कुणाला काय?

वाटेत मी भडकलो. "फोटो होते तेव्हा तुम्ही वाकलात. काही उरलं नाही तेव्हा ताठ झालात. हा कसला हट्ट?"

आबा थांबले. "अरे, दारावरची नावाची पाटी काढली म्हणून घरातला माणूस जातो का? आपण पुसली ती पाटी. फोटो आत आपापल्या जागी बसून आहेत. दुसरा कुणी येऊन त्या जागेवर बसला, तरच ते जातात. पुसलं नसतं तर त्यांनी कार्डच मोडलं असतं. पण त्याचा नारळाचा फोटो घेतला असता, तर आपल्याच हातानं विहिरीवर त्याला बसवलं असतं. पुसणाऱ्याला एवढं भिऊ नये. मात्र त्याला आपली जागा देऊ नये. तिथं कॉलर धरली तरी नाहीच म्हणायचं."

आमच्या फोटोच्या दुकानात येऊन आबांनी कार्ड संगणकाला लावले. संध्याकाळपर्यंत एकेक फोटो परत येत गेला. काही अर्धे करडे होते, काही आलेच नाहीत. पण कठड्यावरच्या खाचा स्पष्ट होत्या, पाणी होते, शेवंताबाईंचा दोर धरलेला हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "तू जा." मी छापलेला फोटो घेऊन गेलो. साहेब मातीवर उभे होते आणि ठेकेदार सांगत होता, "साहेब, इथं कधी विहीर नव्हतीच."

मी पुढे होऊन फोटो साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, विहीर आहे. तुमच्या पायाखाली आहे. वर नुसती माती आहे, अजून गोदामाची भिंत बसलेली नाही."

साहेब फोटो पाहू लागले. ठेकेदार माझ्या अंगावर ओरडला. शेजारी त्याच्याच माणसाने टेकवून ठेवलेले फावडे होते. साहेबांच्या उत्तराची वाट न पाहता मी ते उचलले आणि खणायला लागलो.