मोरांचे पहारेकरी

फार फार जुनी गोष्ट आहे, घड्याळं नव्हती तेव्हाची. एका नगरात प्रहराचा टोला पडला की वेशीवरचा पहारेकरी खड्या आवाजात ओरडायचा, "सगळं कुशल आहे!" ते ऐकून राजा निवांत जेवायचा आणि प्रजा निवांत कामाला लागायची.

पहारेकऱ्याला मात्र निवांतपणा ठाऊक नव्हता. बदलीचा माणूस येईपर्यंत वेस सोडायची नाही, असा कायदा होता. तो माणूस कधी यावा, हे कायद्यात कुठेच नव्हतं. शिवाय कुरकुर करणाऱ्याला हद्दपारी! म्हणून बिचारा मुकाट उभा राही. धाकटी लेक चालायला लागली, हेसुद्धा त्याला बायकोने भाकरी आणली तेव्हा वेशीवरच कळलं.

एके दिवशी भर दुपारी समोरच्या गवताच्या गंजीने पेट घेतला. धूर त्याच्या नाकापर्यंत आला. तेवढ्यात टोला पडला आणि पहारेकरी ओरडला, "सगळं कुशल आहे!" लोक धावले म्हणून नगर वाचलं, गंजीची मात्र राख झाली.

त्याला दरबारात उभं केलं. सेनापती कडाडला, "डोळ्यांदेखत आग लागते आणि हा कुशल म्हणतो! फितूर आहे हा. हद्दपार करा, महाराज."

पहारेकरी काळजीत पडला. बायकोलेकरांना घेऊन जायचं कुठे? पण दरबारात गार सावली होती, पायाखाली मऊ बिछायत होती. त्याच्या पापण्या जड झाल्या. राजा शिक्षा सुनावू लागला, इतक्यात टोला पडला.

"सगळं कुशल आहे!" पहारेकरी उभ्या उभ्या झोपेतच ओरडला.

दरबारात हशा पिकला. तो दचकून जागा झाला आणि त्याने हात जोडले. राजा मात्र हसला नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"घरी शेवटचा कधी झोपलास?" त्याने विचारलं.

"आठवत नाही, महाराज." एवढं बोलूनही पहारेकरी घाबरला. "मी कुरकुर नाही करत."

"कर. आजपासून तो गुन्हा नाही."

सेनापती पुटपुटला, "यांना विश्रांती द्यायची, तर पहाऱ्याला माणसं कुठून आणायची?"

"माझ्या बागेतल्या मोरांवर जे शिपाई नेमलेत, ते आणा. मोर आपले आपण राहतील."

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. ठरल्या वेळी पहाऱ्याची बदली झालीच पाहिजे. सणावाराला घरी जायची पाळी प्रत्येकाला मिळेल. आणि गाऱ्हाणं मांडलं म्हणून कुणालाही शिक्षा होणार नाही.

पहारेकरी घरी गेला, तर लेकीने परका माणूस समजून भोकाड पसरलं. त्याला रडू आलं आणि हसूही. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या मिशा ओढू लागली होती.

त्याच वर्षी दरोडेखोर नगरावर चालून आले. झोप पुरी झालेल्या डोळ्यांना ते लांबूनच दिसले, वेळेत दरवाजे बंद झाले आणि नगर वाचलं.

यातून घ्यायचं ते एवढंच: जे आपली राखण करतात, त्यांची राखण कायद्याने करायला हवी.