अंगणातला हिरडा

सह्याद्रीच्या माथ्यावरील एका गावात नरहरशास्त्री नावाचे वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या अंगणात हिरड्याचा एक जुना वृक्ष होता. तो त्यांच्या वडिलांनी लावलेला. त्याच झाडाखाली वडिलांनी त्यांना पहिला धडा दिला होता: हिरडा पाण्यात टाकून पाहावा, बुडेल तो औषधाचा, तरंगेल तो टाकाऊ. खलातून हिरड्याचा तुरट वास उठला, की शास्त्रीबुवांना अजूनही वडिलांच्या खडावांचा आवाज ऐकू येई.

रानातली ठकूबाई दरसाल टोपलीभर हिरडे आणी. शास्त्रीबुवा तिचा एकेक हिरडा घंगाळात टाकून पारखीत. घरच्या झाडाचे हिरडे मात्र ते तसेच खलात घालीत. वडिलांच्या झाडाची परीक्षा घेणे त्यांना पाप वाटे.

एके वर्षी लक्षा कुंभाराची लेक गोदी पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. शास्त्रीबुवांनी तिला घरच्या हिरड्याचे चूर्ण दिले. पंधरा दिवस लोटले, तरी पोरीच्या पोटात पेज ठरेना. हवालदिल झालेला लक्षा पुन्हा ओसरीवर येऊन बसला. तेव्हा घंगाळात ठकूबाईचे हिरडे पडत होते. सगळे तळाशी गेले.

"शास्त्रीबुवा, आमच्या हिरड्यांना दरसाल बुडवता," ठकूबाई म्हणाली, "आणि घरच्यांना जावयावानी कोरडं ठेवता व्हय?"

"ते झाड वडिलांनी लावलेले आहे, ठकू."

"झाड वडलांनी लावलं खरं. फळ तर औंदाचं हाय."

शास्त्रीबुवा संतापले. पण समोर लक्षा खाली मान घालून बसला होता. त्यांनी बरणीतले घरच्या झाडाचे मूठभर हिरडे काढून पाण्यात सोडले. एकही बुडाला नाही. झाड थकले होते, आणि ते त्यांनी पाहिलेच नव्हते. वडील असते, तर त्यांनी घरचेच हिरडे सर्वांआधी पारखले असते.

"लक्षा," ते म्हणाले, "तुझ्या लेकीला मी पोकळ औषध दिले. चूक माझी आहे."

त्यांनी ठकूबाईचे हिरडे स्वतः कुटले आणि चूर्ण घेऊन ते लक्षाबरोबर कुंभारवाड्याकडे चालू लागले. आठव्या दिवशी गोदीने आपण होऊन भाकरी मागितली.

तात्पर्य: परक्यास लावलेली कसोटी आपल्या माणसांना व वस्तूंनाही लावावी; पूर्वजांचा खरा मान त्यांच्या वस्तू जपण्यापेक्षा त्यांची शिकवण पाळण्यात असतो.