दोनशे बारावी नोंद

“जगभरची माणसं दादाशी बोलायची. दादा गेला हे त्यांना कळवलं कुणी?”

दहाव्याला नदीवर लहूनं विचारलं. कावळा पिंडाला शिवत नव्हता. सगळे कावळ्याकडं बघत होते.

तर वाघजाळी नावाच्या एका गावात हा एक भोळा लहू होता. सांगाल ते करायचा, हीच त्याची खोड. थोरला भाऊ अंकुश मोटारी दुरुस्त करायचा आणि हौशी रेडिओ चालवायचा. घरात सेट, छपरावर लांब तार. बटणावर बोट ठेवून तो तारऑफिसातल्यासारखं कट्ट-कडकट्ट करायचा, की कुठून कुठून कट्ट-कडकट्ट उत्तर यायचं. सत्तावीस तारखेला मोटारसायकल घाटातून खाली गेली आणि अंकुशही गेला.

महिन्याभरानं बिनतारी मंडळाचे अध्यक्ष टेंबेकाका आले. निवृत्त तारमास्तर. फोटोला हार घातला, डोळे पुसले आणि सेटवर हात ठेवला.

“लहू, शनिवार-रविवार कडकट्टची स्पर्धा आहे. जास्त स्टेशनांशी बोलेल त्याची ढाल. तुमचं घर उंचावर, तेव्हा आम्ही इथंच बसणार. जिंकलो तर सेट इथंच ठेवू, अंकुशचं स्मारक म्हणून. हरलो तर मंडळाच्या कचेरीत नेऊ.”

“सेट दादाचाय,” लहू म्हणाला.

“म्हणून तर स्मारक,” काका म्हणाले.

सेट जाऊ द्यायचा नाही, एवढं लहूनं मनात धरलं आणि तो मदतीला लागला.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला चोवीस तासांची स्पर्धा सुरू झाली. बटणावर मुल्लाभाई, गावचे वायरमन. लहू शेजारी बसून बघत होता.

“भाई, सारखं काय पाठवताय?”

“पाच नऊ नऊ. म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय.”

“पण आत्ता तर म्हणालात, काही ऐकू येत नाही.”

“येड्या, स्पर्धेत सगळ्यांना पाच नऊ नऊच द्यायचं. खरं-खोटं बघत बसायचं नाही.”

लहूनं हे गाठीला बांधलं.

तासाभरानं काका अंगणातून ओरडले, “लहू, वर चढून बघ, तार कशीय?”

लहू छपरावर चढला. तार तुटली होती. एक टोक म्हशीच्या शिंगाला अडकलं होतं आणि म्हैस ओढ्याकडं निघाली होती.

“पाच नऊ नऊ!” लहू वरून ओरडला.

दीड तास मुल्लाभाईंनी बटण बडवलं. उत्तर देणार कोण? तार ओढ्यात डुंबत होती.

“गाढवा!” काका म्हणाले. “बिघडलं तर बिघडलं म्हणायचं. तोंडावर म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं!”

“बरं काका.”

रविवारी सकाळी सरपंच आले. गावातली वीज पहाटेच गेली होती, सेट चालला होता तो सरपंचांच्या जनरेटरवर. त्यामुळं सरपंचांनी भाषण केलं. पाऊण तास केलं. त्यात अंकुशचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा चुकीचं आलं. मग घाम पुसत त्यांनी लहूच्या खांद्यावर हात ठेवला. “काय लहू, कसं झालं?”

“बिघडलं!” लहू तोंडावर म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

जनरेटर सरपंचांच्या मागोमाग गेला.

काकांनी कपाळावर हात मारला. “अरे, थोरामोठ्यांशी एकदाच बोलावं आणि गप बसावं. रेडिओत नियमच आहे. एका स्टेशनाशी एकदा बोललो की झालं. तेच परत आलं तर त्याला डुप्लिकेट म्हणतात. त्याचा गुण नाही. त्याला दारात उभं करायचं नाही!”

“बरं काका.”

लहूची आई सरपंचांच्या घरी गेली, हात जोडले. सरपंच विरघळले. दुपारी जनरेटर घेऊन स्वतः दारात आले.

लहूनं दार उघडलं. बघितलं. “तुमचं सकाळी झालंय,” तो म्हणाला. “डुप्लिकेट.” आणि दार लावलं.

मग वीज येईपर्यंत तिघं हात बांधून बसले. वीज आली तीनला. तोवर काकांचा आवाज बसला होता, नाहीतर गावानं ऐकला असता.

“लहू, आता कुठं चढू नकोस, दार उघडू नकोस, कुणाशी बोलू नकोस. ही नोंदवही धर. किती वाजता, कोण, कुठून. जे घडलं ते लिहायचं. एक अक्षर सोडायचं नाही. सव्वासहाच्या एसटीत वही परीक्षकांकडं गेली पाहिजे. शेवटच्या पानावर मी सही करून ठेवलीय.”

हे काम लहूला जमलं. मुल्लाभाई सांगत गेले, लहू लिहीत गेला. दोनशे सात. दोनशे आठ. पावणेपाचला दोनशे अकरा झाले आणि हवा मुकी झाली. पलीकडच्या तालुक्याचं मंडळही दोनशे अकरावरच अडलं होतं. एक नोंद जास्त, की ढाल. मुल्लाभाई हाका मारत होते, कुणी ओ देत नव्हतं. काका उठले, पिशवी घेतली आणि परसाकडं जातो म्हणून बाहेर गेले.

पाच पंचवीसला सेट बोलला.

लहूला कडकट्टची अक्षरं कळत नव्हती. पण सरकारनं दादाला हवेतलं जे नाव दिलं होतं, त्याची चाल त्याला पाठ होती. जेवताना दादा ताटावर तीच वाजवायचा. आत्ता सेटमधून तीच येत होती.

“दादा!” लहू वही काखेत मारून उठला. बटणाची टकटक गोठ्यातून ऐकू येत होती. तो अनवाणी धावला. “दादा, गोठ्यात कशाला बसलास? आई घरात आहे, चल!”

म्हशीच्या मागं टेंबेकाका उकिडवे बसले होते. मांडीवर लहान सेट.

लहूनं गव्हाणीखाली बघितलं, दारामागं बघितलं, कडब्यामागं बघितलं.

“श्श!” काका म्हणाले. “अरे, अंकुश कुठं गेलाय? तो आपल्यातच आहे. त्याच्या वतीनं मी बटण दाबलं. सेट घरात राहायला हवा ना? मग कुणाला सांगू नकोस. जा, नोंद कर.”

“सगळं लिहू?”

“आता ते पण शिकवू? एक अक्षर सोडायचं नाही म्हणून सांगितलंय ना!”

“बरं काका.”

लहू ओट्यावर बसला. नाक पुसलं आणि सावकाश लिहिलं :

क्रमांक २१२. वेळ पाच पंचवीस. कोण : अंकुश. कुठून : आमच्या गोठ्यातून. बटण दाबणार : टेंबेकाका, म्हशीच्या मागे बसून. अंकुश सत्तावीस तारखेला वारला आहे. काका म्हणाले तो आपल्यातच आहे. मी सगळा गोठा बघितला, नाही. काका म्हणाले कुणाला सांगू नकोस.

एक अक्षर सोडलं नाही ना, म्हणून त्यानं दोनदा वाचून बघितलं. शेवटच्या पानावर काकांची झोकदार सही होतीच : वरील सर्व मजकूर खरा आहे.

मग लहूनं वही पाकिटात घातली, भाताच्या शितानं चिकटवली, आणि सव्वासहाची एसटी चुकू नये म्हणून फाट्यापर्यंत पळत जाऊन ती कंडक्टरच्या हातात दिली.