खणी नाक्यावरचा लाल दिवा

“लोक लाल दिव्याला थांबत नाहीत, चाचा. त्यांना शिस्त लावायची कशी?”

दस्तगीर चाचांनी साखळीला ग्रीस लावता लावता मान वर केली नाही.

“थांबले तर हिरवा होतो?”

“होतो की! सगळं आपोआप आहे. आमच्या तालुक्यात असा सिग्नल पहिलाच. मीच बसवलाय.”

“हं...”

वैजयंती घोरपडे नगरपालिकेत अभियंता होती. चौदा वर्षांपूर्वी तंत्रनिकेतन सुटलं की संध्याकाळी ती याच पत्र्याच्या गॅरेजात यायची. मुलीला गाडी दुरुस्ती शिकवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. चाचांनी काही न विचारता हातात पाना दिला होता.

आता गॅरेजात दोनच गाड्या उभ्या होत्या. नवीन गाड्या शोरूमलाच जात. कार्बोरेटर धुवायचा पत्र्याचा ट्रे मात्र तसाच होता, तिच्या बाकाशेजारी. ती सवयीने तिथेच बसली.

“गेल्या आठवड्यात कुंभोजे मास्तर मोटारसायकलवरून लाल असताना घुसले,” ती म्हणाली. “पाय मोडला. शिकलेला माणूस! उद्या मला अपघाताचा अहवाल द्यायचाय.”

“काय लिहिणार?”

“वाहनचालकाची चूक.”

चाचांनी हात पुसले. कोपऱ्यातली जुनी येझदी मोटारसायकल बाहेर काढली. एक हेल्मेट तिच्याकडे दिलं.

“बस मागं.”

“कुठं?”

“तुझा सिग्नल दाखव की मला.”

दुपारचे तीन वाजले होते. दगडाच्या खणीकडून येणारा छोटा रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो, तिथे चाचा पांढऱ्या पट्टीच्या मागे थांबले. लाल होता.

“हमरस्त्याला कायम हिरवा असतो,” वैजयंती मागून सांगू लागली. “या बाजूला गाडी आली की रस्त्याखालच्या तारेला कळतं. डांबराचा काळा चौकोन दिसतोय ना? त्याच्या कडेकडेनं तार पुरलीय. मग हमरस्ता थांबतो आणि इकडं हिरवा होतो. अर्ध्या मिनिटात.”

“बरं.”

अर्धं मिनिट झालं. एक झालं. दोन झाली.

चाचांनी इंजिन बंद केलं.

ते बंद पडताना होणारी शेवटची धडधड तिच्या ओळखीची होती. तापलेल्या सायलेन्सरचा वासही. याच गाडीवर ती शिकली होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला. चाचा विचारायचे, काय म्हणतंय? ती म्हणायची, टॅपेट वाजतोय. ते म्हणायचे, अजून ऐक.

“आठवतं, चाचा? पहिल्यांदा क्लच सोडला आणि गाडी पिंपात घातली होती.”

“पिंप अजून चेपलेलंच आहे.”

दोघं हसली. लाल तसाच होता.

“चला, चाचा. कोणी नाहीये.”

“लाल आहे.”

“पण...”

“शिस्त म्हणालीस ना?”

तिनं घड्याळात पाहिलं.

पाचव्या मिनिटाला मागून एक जोडपं मोटारसायकलवर आलं. बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. दोघं यांच्या शेजारी थांबली. माणसानं दिव्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं.

“हा हिरवा होत नाही, चाचा. बंद असतोय.”

“थांबून बघ.”

तो थांबला. दोन मिनिटं थांबला असेल. मूल उन्हानं रडायला लागलं. त्यानं डावी-उजवीकडे बघून गाडी पुढे काढली.

हमरस्त्यावरून पाण्याचा टँकर येत होता.

ब्रेकचा आवाज वैजयंतीच्या दातांत घुसला. टँकर हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर शिव्या देत होता. बाईनं मुलाला छातीशी आवळलं होतं. मोटारसायकल वेडीवाकडी होत पलीकडे गेली.

वैजयंती गाडीवरून उतरली.

“बंद नाहीये तो,” ती म्हणाली. “तपासायला जीप आणली होती आम्ही. जीपला लगेच हिरवा झाला. चार वेळा केलं...”

“मोटारसायकल?”

“आणली नव्हती.”

चाचा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्या गॅरेजातून चालवून पाहिल्याशिवाय कुठलीही गाडी बाहेर गेली नव्हती. सात वाजून गेले, आई वाट बघत असेल, तरी चाचा म्हणायचे, खणीपर्यंत जाऊन ये, मग दे. ती कुरकुरत जायची. तेव्हा इथे सिग्नल नव्हता, नुसती चिंच होती आणि मोकळा रस्ता होता. ती वाऱ्यात मोठ्यानं गायची.

ती वाकली. चौकोनाच्या काळ्या रेषेवर तिनं तळहात टेकला. डांबर पोळत होतं. जीप सगळा चौकोन झाकून टाकते. मोटारसायकल मधोमध उभी राहते, तारेपासून लांब. तिच्या दोन चाकांचं लोखंड तारेला जाणवतच नव्हतं.

“चाचा, गाडी डावीकडं घ्या. अजून. दोन्ही चाकं या रेषेवर.”

चाचांनी पायानं रेटत गाडी घेतली.

हमरस्त्याचा दिवा पिवळा झाला. मग लाल.

इकडे हिरवा झाला.

तिनं घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

परतल्यावर तिनं गॅरेजच्या दारात हेल्मेट दिलं आणि तडक कुंभोजे मास्तरांच्या घरी गेली.

मास्तर खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये. तिला पाहून उठायला लागले.

“पडून राहा, सर. किती वेळ थांबला होता त्या दिवशी?”

मास्तरांनी मान खाली घातली.

“सहा-सात मिनिटं. परीक्षेच्या उत्तरपत्रिका पोचवायच्या होत्या. पण चूक माझीच...”

“तुमची नाही, सर. माझी आहे.”

अहवालात तिनं तेच लिहिलं. साहेबांनी दोनदा परत पाठवला. तिनं दोनदा तोच कागद पुन्हा ठेवला. शेवटी सही झाली. बढतीच्या यादीत तिचं नाव यंदा आलं नाही.

रस्ता पुन्हा कापला. चौकोनाच्या मधूनही तिरकी तार घातली. यंत्राला हलकी चाहूलही कळेल असं करून घेतलं. चाकं कुठे उभी करायची ते दाखवायला पांढऱ्या रंगाची खूण काढली. ती ओली होती तेव्हा वैजयंती स्वतः रस्त्यात उभी होती.

महिन्यानं ती चाचांना घेऊन आली. या वेळी मोटारसायकल ती चालवत होती. चाचा मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून. तो हात पूर्वीपेक्षा हलका झाला होता.

खुणेवर थांबताच दिवा बदलला. तिनं वळून पुन्हा आणली. पुन्हा बदलला. शेजारून एक मोपेड आली, तिलाही मिळाला. शाळेची पोरं सायकलींवरून आली, त्यांनाही.

गाडी कडेला लावून दोघं चिंचेच्या बुंध्याशी उभी राहिली. झाड अर्धं तोडलं होतं, सावली तेवढी उरली होती.

“बघितलंत, चाचा?” तिचे डोळे भरले होते. “आता कोणीही येऊ दे. सायकलचं चाकसुद्धा कळतं त्याला. एकजणही सुटत नाही.”

चाचा रस्त्याच्या पलीकडे पाहत होते. हमरस्त्यावरच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. त्यांच्या फटीतून कडेला एक म्हातारी दिसत होती. डोक्यावर भाजीची पाटी होती. ती एक पाऊल खाली टाकायची, मागे घ्यायची.

छोट्या रस्त्यावर आता गाडी नव्हती, हमरस्त्याचा दिवा हिरवाच होता.

“वैजू,” चाचा म्हणाले, “ती बाई कधीची उभी आहे गं?”